वागळे इस्टेटचं गाणं ऐकायला ठाण्यात

आत्तीचा फोन दिवाळीतच आला होता. "आमच्याकडं वागळे इस्टेटवर नाटक बसवायलेत. गाण्याचं नाटक. तुझं मामा रोज तालमीला जाऊन बसत्यात. तू पेटी वाजवतीस, तुला जास्त कळंल. जानेवारीत प्रयोग हाय, येऊन जा." वागळे इस्टेट ही ठाण्यातली कारखान्यांची वसाहत. आत्ती म्हणजे माझी आत्या, मामा तिचे यजमान. तिचं सगळं आयुष्य ठाण्यात गेलं, पण फोनवर माहेरचं माणूस आलं की तिची भाषा थेट पंचगंगेकाठी येते.

कामगारांवरचं नाटक म्हटलं की मी जातेच. आमचं घर इचलकरंजीतलं, यंत्रमागाचं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून गावाचं सगळं जगणं त्या आवाजाभोवती आहे. पण आजवर पाहिलेल्या बहुतेक कामगार-नाटकांत एक गोष्ट मला खटकत आली आहे. ती संपापासून सुरू होतात. फाटकाला टाळं, मोर्चा, घोषणा, घरात रिकामे डबे. टाळं लागायच्या आधी माणूस आत आठ तास नेमकं काय करत होता, ते रंगमंचावर येतच नाही. मामा फोनवर म्हणाले, "हे नाटक कामापासून सुरू होतं. संप दुसऱ्या अंकात." एवढं ऐकलं आणि मी बसचं तिकीट काढलं.

नाटकाचं नाव मंडळींनी अजून पक्कं केलेलं नाही. जानेवारीअखेरचा हा प्रयोग रंगीत तालमीच्या पुढचा आणि शुभारंभाच्या अलीकडचा होता. म्हणून इथे ते नुसतं 'नाटक'च.

शुक्रवार

बसने पहाटे नितीन कंपनीच्या पुलाखाली उतरवलं. ठाण्याला थंडी म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगून पटणार नाही, पण येऊरच्या डोंगरावरून येणारा वारा त्या वेळी खरंच बोचत होता. मामा स्वेटर, माकडटोपी घालून घ्यायला आले होते. सावरकरनगरला जाईपर्यंत रिक्षात त्यांनी मला ठाण्याचे नाके शिकवले. नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाइज. सगळी कारखान्यांची नावं. कारखाने गेले तरी रिक्षावाला आणि बसचा कंडक्टर अजून हीच नावं घेतात. "नाटकात याच्यावर गाणं आहे," मामा म्हणाले आणि पुढचं सांगायचं नाही म्हणून गप्प बसले.

आत्तीने दार उघडलं. "आलीस व्हय गं बाय? बस अगोदर, च्या घे." मी नेलेली काकवीची बाटली तिने लगेच उघडली. गुऱ्हाळं चालू असताना इचलकरंजीहून कुणी ठाण्याला जात असेल तर काकवी न्यावी. ठाण्यातल्या कोल्हापूरकरांना दुसरी कुठलीही भेट इतकी आवडत नाही.

दुपारी मामांनी मला वागळे इस्टेट दाखवली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झालं आणि ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत. इथल्या रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. सोळा नंबर, बावीस नंबर. इथे पासपोर्ट ऑफिस असल्यामुळे आता लोक या भागात कागदपत्रांच्या फायली घेऊन येतात. काचेच्या इमारती पुष्कळ झाल्या आहेत. पण मधल्या गल्ल्यांत गाळे अजून चालू आहेत आणि तिथे शिरलं की तेलाचा, कुलंटचा वास येतो. मामा टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड कातायचे. ज्या कंपनीत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली ती बंद झाली आहे, पण त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता स्वतःच्या गाळ्यात दोन लेथ चालवतो. आम्ही तिथे गेलो.

या गाळ्यात जे कळलं त्यासाठी तरी ठाण्याला यायला हवं होतं. मागाला ठेका असतो. साध्या मागाचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा इकडून तिकडे जातो आणि त्या खटक्यावर आमच्याकडच्या बायका ओव्यासुद्धा म्हणायच्या. मी लेथपाशी उभी राहून ठेका शोधत होते. मामा म्हणाले, "लेथला ठेका नसतो बाळा, सूर असतो. टर्नर डोळ्यांनी काम करतो असं लोकांना वाटतं. आम्ही कानांनी करायचो. टूलची धार गेली की आवाज फाटतो. लोखंडाचा किस निळा पडायच्या आधी कानाला कळतं."

मी मोबाइलवर तानपुरा लावून मोटरीचा सूर जुळवून पाहिला. पेटीवरच्या पांढरी पाच या पट्टीच्या किंचित वर निघाला. गाळ्यातल्या ट्यूबच्या चोकचाही तोच. बाहेर रोहित्राखाली उभी राहिले, तिथेही तोच. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते आणि तिच्यावर चालणारं लोखंड त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा थरथरतं. त्यामुळे ठाण्यात काय नि इचलकरंजीत काय, विजेच्या यंत्रांची गुणगुण तीच. इतकी वर्षं पेटी वाजवते आहे आणि हा षड्ज, हा 'सा', सतत कानाशी होता.

संध्याकाळी लोकमान्यनगरमधल्या एका हॉलमध्ये तालीम पाहिली. कोरसमध्ये पंचवीसेक माणसं: बँकेत नोकरी करणारी मुलं, एक शिक्षिका, दोन रिक्षावाले, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू आणि तीन निवृत्त कामगार. बहुतेकांचे वडील किंवा आजोबा याच पट्ट्यात कामाला होते. दिग्दर्शिका तिशीची असेल, तिचे वडील कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर होते. तिला मी मोटरीच्या सुराचं सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "ताई, अख्खं नाटक त्याच सुरात आहे. पुरुष पांढरी एकमध्ये गातात, तेव्हा मोटर त्यांचा पंचम होते. बायका पांढरी पाचमध्ये गातात, तेव्हा तीच मोटर षड्ज. म्हणजे दोघांची गाणी वेगळी, पण खालचा सूर एकच."

मी तिथेच पेटीपाशी बसून दोन्ही गाणी वाजवून पाहिली. जमतं. अगदी चोख जमतं.

तिने हे काम कसं केलं तेही सांगितलं. माणूस कुठून आला ते चालीवरून कळलं पाहिजे आणि तो कुठल्या मशीनवर उभा आहे ते ठेक्यावरून. कोकणातून आलेल्यांची गाणी जाखडी नाचाच्या चालीवर, आपल्या घाटावरच्यांची हलगीवर आणि ओवीवर, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आगऱ्यांची लग्नातल्या धवल्याच्या चालीत, उत्तर प्रदेशातून आलेल्या भय्यांची त्यांच्याकडच्या बिरहा या लोकगीतात. हे सगळे एका पाळीला, एका शेडखाली. लंडनमध्ये २००५ साली आलेलं 'बिली एलियट' हे संगीत नाटक तिने रेकॉर्डिंगवर पाहिलं होतं. ते १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपाच्या काळात घडतं. शेवटी मुलगा बॅले शिकायला निघून जातो आणि संप हरलेले कामगार डोक्यावरचे दिवे लावून पुन्हा खाणीत उतरतात. "मला ते खाली उतरणारे लोकच दिसत राहिले," ती म्हणाली. "म्हणून माझ्या नाटकात वस्ती सोडून मोठा होणारा मुलगा नाही. वस्तीच नायक आहे."

लोकमान्यनगर, किसननगर भागात रात्री आठच्या पुढे रिक्षा शेअरमध्ये सहज मिळतात. स्टेशनवरून येताना मात्र संध्याकाळी सहा ते आठ या वेळात रांग लांब असते. टीएमटीची बस बरी पडते.

शनिवार

सकाळी मामलेदार मिसळ. तहसील कचेरीशेजारी उभं राहून किंवा मिळेल त्या बाकावर बसून खायची. तिखटाचं प्रमाण आधी सांगावं लागतं. आम्ही कोल्हापूरकडचे म्हणून मी तिखट सांगितली आणि पानात कांदा दुसऱ्यांदा मागून घेतला. कोल्हापूरच्या मिसळीचा कट वेगळा, मसाला भाजका. इथला रस्सा पातळ, झणका सरळ घशात. दोन्हींची तुलना करत बसू नये, दोन्ही खाव्यात. दहाच्या आत गेलात तर जागा मिळते.

तिथून मराठी ग्रंथसंग्रहालयात तासभर बसले. १८९३ साली स्थापन झालेली ही संस्था अजून वाचकांनी भरलेली असते, हे पाहूनच बरं वाटलं. मला लाल बावटा कलापथकाविषयी वाचायचं होतं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये ते उभं केलं आणि गिरणगावात चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत, मिळेल त्या फळकुटांच्या रंगमंचावर कामगारांना त्यांचीच गोष्ट गाऊन दाखवली. तमाशाच्या वगाला लोकनाट्य म्हणून नवा विषय मिळाला तो या मंडळींकडून. कामगारांची संगीत नाटकं आपल्याकडे कुठून बाहेरून आलेली नाहीत. ती इथलीच आहेत, मधे पोरकी झाली होती.

दुपारी मामांबरोबर पोखरण रोडने चालले. १९२५ साली सुरू झालेली रेमंडची लोकरी कापडाची गिरणी इथे होती. २००९ मध्ये ती बंद झाली. आता तिथे टॉवर उभे राहत आहेत. मामा टॉवरकडे न बघता रस्त्याच्या कडेला बोट करून सांगत होते: इथे चहाची टपरी, इथे पाळी सुटली की सायकलींचा लोंढा, इथे पगाराच्या दिवशी कर्ज देणारा पठाण. भोंग्याची वेळ त्यांना अजून पाठ आहे. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं.

प्रयोग संध्याकाळी डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये होता. हिरानंदानी मेडोजमधलं हे नाट्यगृह स्टेशनपासून लांब आहे, त्यामुळे तासभर आधी निघावं. जवळ राहणाऱ्यांनी गाडी घरी ठेवलेली बरी. प्रेक्षकांत निम्मे तरी साठीच्या पुढचे होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. बायका गजरे माळून आल्या होत्या.

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि संवादच नाही. सकाळची पाळी. माणसं हजेरी लावतात, कपडे बदलतात, एकेक मशीन चालू करतात आणि प्रत्येक मशीनबरोबर एक आवाज वाढतो. खाली मोटरीची गुणगुण. तिच्यावर कानशीचा खसखस आवाज, मग हातोडी, मग प्रेस. हे सगळं कोरसच करतो, तोंडाने, पायांनी आणि लोखंडाच्या पट्ट्यांवर. त्यातून भजनी ठेका कधी सुरू झाला ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा अख्खी शेड गात असते. मधेच लेथचा आवाज मुद्दाम फाटवला होता. त्याबरोबर मागच्या रांगेतून एक आजोबा खणखणीत आवाजात ओरडले, "अरे, टूल बदल!" सगळं थिएटर हसलं आणि रंगमंचावरच्या टर्नरने त्यांच्याकडे पाहून, मान डोलावून, खरंच टूल बदललं. मामांनी माझा हात दाबला.

नाक्यांचं गाणं पहिल्या अंकात आहे. कंडक्टर घंटी वाजवत थांबे पुकारतो आणि प्रत्येक थांब्यावर उतरणारा माणूस आपल्या गावच्या चालीत एक ओळ टाकतो. मला यातलं कवित्व फार आवडलं, कारण ते कुणी लिहिलेलं वाटत नाही.

प्रेसचा प्रसंग मात्र मी जन्मभर विसरणार नाही. प्रेसवरच्या कामगाराचं गाणं आठ मात्रांच्या ठेक्यात जोरात चाललेलं आहे. पायाने पेडल, हाताने पत्रा, पाय, हात. अचानक एक मात्रा पडते. आवाज नाही, किंकाळी नाही, फक्त ढोलकीचा एक ठोका येत नाही. पुढचं आवर्तन सातचं होतं. आपल्याला कळतं की बोट गेलं. ठाण्यातल्या प्रत्येक घराला कुणीतरी असा माणूस माहीत आहे. प्रेस शॉपमध्ये बोटं जाणं ही इथली रोजची भीती होती आणि वागळे इस्टेटचं कामगार हॉस्पिटल त्यासाठी ओळखीचं होतं. त्यानंतर त्या माणसाच्या वाट्याला आलेलं प्रत्येक गाणं, मुलीच्या लग्नातलंसुद्धा, सात मात्रांतच आहे. दिग्दर्शिकेने हे कुठेही शब्दांत सांगितलेलं नाही. माझ्या शेजारच्या काकू तालाचं शास्त्र शिकलेल्या नव्हत्या, पण लग्नाच्या गाण्यात त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

खाणावळीचं गाणं बायकांचं. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायकांनी गिरणगावापासून ठाण्यापर्यंत किती संसार उभे केले, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून अशाच खाणावळवाल्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवलं. गाण्यात पोळ्या लाटण्याचा ठेका आहे आणि उधारीचा हिशेब ओवीत घातला आहे. पोळीभाजी केंद्राच्या काकूंनीच ते गायलं. आवाज तयार नाही, पण हात बरोबर चालतात, लाटणं सम चुकत नाही.

दुसऱ्या अंकात १९८२ येतं. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. नाटकातल्या एका कामगाराचा लालबागला राहणारा भाऊ काही महिन्यांनी ठाण्याला आश्रयाला येतो आणि आपल्या भावाच्याच कंपनीत कंत्राटी म्हणून लागतो. दोन युनियनमधलं भांडण दिग्दर्शिकेने जाखडीतल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यासारखं बांधलं आहे: एका फडाने कोडं घालायचं, दुसऱ्याने ते सोडवून उलटं टाकायचं. लोकांनी टाळ्या, शिट्ट्या दिल्या. पण तो सामना रंगत जातो तसतसं लक्षात येतं की कोडी सुटतात आणि फाटक मात्र बंदच आहे.

आणि मग व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. एकेक जण टेबलाशी जाऊन सही करतो. प्रत्येक सहीनिशी एक मशीन बंद. शेवटचा टर्नर बटण दाबतो आणि ती गुणगुण थांबते. दोन तास ती सतत चालू होती, हे ती थांबल्यावर कळलं. कोरसला पुढचं गाणं खालच्या सुराशिवाय गायचं असतं. एक आवाज किंचित खाली घसरला. मुद्दाम की खरंच, विचारलं नाही. त्या जागी घसरायलाच हवं होतं.

न आवडलेलंही सांगते, कारण मंडळींनी मला तेच आग्रहाने विचारलं. दुसऱ्या अंकातलं प्रेमगीत सिनेमाच्या चालीचं आहे आणि या नाटकात ते उपरं वाटतं. मॅनेजरचं पात्र नुसतं दुष्ट काढलं आहे. हिशेब समोर ठेवून बोलणारा मॅनेजर जास्त अंगावर आला असता. पेटीचा माइक गायकांवर चढतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: बायका फक्त स्वयंपाकघरात आहेत. या पट्ट्यात औषधांच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत पॅकिंगला, असेंब्लीला किती बाया होत्या! त्यांच्या बोटांचा ठेका कुठे आहे? हे मी बोलल्यावर कोरसमधल्या एका मावशी म्हणाल्या, "मी होते ना पॅकिंगला, बारा वर्षं." दिग्दर्शिकेने तिथल्या तिथे त्यांना उभं करून हात कसे चालायचे ते दाखवायला लावलं. घाणेकरच्या आवारात, रात्री साडेदहाला, पाच-सहा जणी गोळ्यांची पाकिटं भरण्याचा अभिनय करत होत्या आणि ढोलकीवाला ठेका शोधत होता.

रविवार

ढोलकीवाल्या दादाचं घर घणसोली गावात. "पोपटी लावतोय, आल्याशिवाय जायचं नाही," असं त्याने बजावलं होतं. ठाणे स्टेशनवरून वाशी-पनवेलकडच्या गाड्या नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून सुटतात. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली. रविवारी मेगाब्लॉक असतो, वेळापत्रक आदल्या रात्री बघून ठेवा. हाताशी सकाळ मोकळी असेल तर ऐरोलीला उतरून खाडीतले रोहित पक्षी पाहता येतात. बोटीची वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी विचारून जावं. आम्ही काठावरूनच थोडे पाहिले.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर एका बाजूला अजून कारखान्यांच्या चिमण्या दिसतात, दुसऱ्या बाजूला आयटी पार्क. नोसिल नाक्यावर दादाने गाडी थांबवली. पेट्रोकेमिकलचा तो मोठा प्रकल्प बंद झाला, नाव नाक्याला राहिलं. दादाचे वडील या पट्ट्यात कंत्राटी कामगार होते. आधी भातशेती आणि मिठागर होतं. जमीन कारखान्यांना आणि नव्या शहराला गेली आणि ज्यांच्या जमिनी गेल्या तेच त्या जमिनीवर रोजाने कामाला लागले. नवी मुंबई वसवणारी सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली. पुढे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण भागात गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर विकसित जमिनीतले साडेबारा टक्के परत देण्याचं धोरण आलं. दादाचे वडील हे सगळं शांतपणे, तारखांसकट सांगत होते.

नाटकातल्या आगरी गाण्याची चाल दादाच्या आईची. त्या धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणाऱ्या बाईला ब्राह्मणाइतका मान, तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाहीत. मी पेटी काढू का विचारलं तर त्या म्हणाल्या, "नको गो बाय, धवल्याला बाजा नसते. तू नुसती आयक." मग त्यांनी हळद लावतानाचा धवला गायला. फार थोड्या सुरांत फिरणारी चाल, घाई नाही, प्रत्येक ओळ दुसरी बाई उचलून धरते. नाटकात हीच चाल जमिनीची मोजणी होते त्या प्रसंगात आहे. नवरीला न्यायला आलेल्या माणसांच्या जागी मोजणीवाले. दादाच्या आईच्या तोंडून मूळ चाल ऐकल्यावर मला तो प्रसंग नव्याने उमगला आणि दिग्दर्शिकेची निवड किती धाडसी आहे तेही. त्यांना मी विचारलं, लग्नाची चाल अशा प्रसंगाला वापरलेली चालली का? त्या म्हणाल्या, "पोरीला देताव तवा रडतावच ना? जमीन पन तशीच दिली."

संध्याकाळी मागच्या अंगणात पोपटी लागली. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मधे मसाला लावलेलं चिकन आणि अंडी, वर पुन्हा पाला गच्च भरून तोंड बंद. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र आवाज झाला की झालं. त्यात पाण्याचा थेंब घालत नाहीत, शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. भांबुर्ड्याचा उग्र वास शेंगेत उतरतो आणि ती चव दुसऱ्या कशाला नाही. वालाच्या ताज्या शेंगा मिळतात तोवर, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, एवढेच दिवस हे मिळतं. ओळखीचं आगरी घर असेल तर बोलावणं सोडू नका.

जाळाभोवती ठाण्याहून आलेले कोरसवालेही होते. बोलता बोलता मी १९८२ मधली आमची बाजू सांगितली. संपाच्या काळात गिरण्यांचं बरंच कापड भिवंडी आणि इचलकरंजीच्या मागांवर विणून घेतलं गेलं. लालबागला भोंगे बंद होते तेव्हा आमच्या गल्लीत माग रात्रपाळीलाही चालत होते, आमच्या घरीसुद्धा. वडील सांगायचे, त्या वर्षांत गावात पैसा आला. तो कुणाच्या चुलीतून आला हे आम्हाला नंतर कळलं. कुणी काही बोललं नाही. दिग्दर्शिकेने मोबाइल काढला आणि म्हणाली, "ताई, हे परत सांगा. सावकाश. मागाचा ठेका धरून."

मी मांडीवर ठेका धरला. धोट्याचा जाताना एक ठोका, येताना एक, आणि मधे फणीचा दाब. ढोलकीवाल्या दादाने तो दोन आवर्तनांत उचलला. मोटरीचा सूर तर दोन्हीकडे एकच. लालबागचा भाऊ ठाण्यात रात्रपाळीला उभा असताना त्याच वेळी दूर कुठेतरी त्याचंच कापड विणलं जातंय, असा प्रवेश दुसऱ्या अंकात येऊ शकतो, असं तिला वाटतं. प्रेमगीत काढून तिथे तो घालायचा विचार आहे.

नऊच्या सुमाराला दादाने मला बसथांब्यावर सोडलं. रविवारी रात्री कोल्हापूर-इचलकरंजीच्या गाड्या भरून जातात. परतीचं तिकीट निघतानाच काढून ठेवावं.

पुढचा प्रयोग वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात करायचा मंडळींचा बेत आहे, पावसाळ्याआधी. त्याआधी दिग्दर्शिका, ढोलकीवाला आणि पॅकिंगवाल्या मावशी इचलकरंजीला येणार आहेत. राहायची, जेवायची सोय आमच्या घरी. साधे माग आता गावात कमी होत चाललेत, आमच्या गल्लीत अजून आहेत. सकाळच्या पाळीला, वीज आल्याबरोबर तिथे येऊन बसायचं, असं मी त्यांना कळवलं आहे. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या दोघी आजींशी बोलून ठेवलंय. त्या गाणार आहेत.